सांगलीच्या घरात काळा-पांढरा: कुठे काय लावायचं आणि कसं

मोबाइलवर जी काळी-पांढरी घरं आपण बघतो, ती बहुतेक अशा ठिकाणची असतात जिथे खिडक्या वर्षातले बरेच महिने बंद राहतात आणि फोडणीत हळद पडत नाही. आपल्याकडचं गणित वेगळं. बोअरच्या पाण्याचा क्षार नळापासून गीझरपर्यंत सगळीकडे बसतो. उन्हाळ्यात संध्याकाळच्या वाऱ्याबरोबर धूळ आत येते, पावसाळ्यात कृष्णाकाठची काळी माती चपलांबरोबर उंबऱ्यापर्यंत पोचते. आणि हळदीचं काय सांगावं! २०१८ साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं, पण त्याच्या कितीतरी आधीपासून ती आपले ओटे पिवळे करत आलीय.

म्हणून काळा-पांढरा ठरवताना सांगलीत पहिला प्रश्न ‘काय छान दिसेल’ हा धरू नका. ‘कुठे कसला डाग पडतो’ हा धरा. क्षार, धूळ, पीठ, साबणाचा फेस हे फिकट डाग. ते काळ्यावर उठतात. हळद, तेल, चहा, चिखल, हाताचा मळ हे गडद डाग. ते पांढऱ्यावर उठतात. जिथे पाणी वाळतं तिथे चकचकीत काळं नको, जिथे फोडणी उडते तिथे सच्छिद्र पांढरं नको. आपल्या जुन्या घरांनी हे कधीच ओळखलं होतं. खाली काळ्या पाषाणाचं जोतं, वर चुन्याची पांढरी भिंत. चिखल उडतो तिथवर काळं, त्याच्या वर पांढरं. फॅशन म्हणून नव्हे, गरज म्हणून.

आधी घर बघून घ्या

एक कागद घ्या, घराचा ढोबळ आराखडा काढा आणि आठवडाभर तो फ्रीजवर लावून ठेवा. प्रत्येक खोलीत तीन गोष्टी टिपायच्या: ऊन कुठून आणि किती वाजता येतं, पाणी कुठे उडतं, आणि हात कुठे लागतो. तिसरी गोष्ट लोक विसरतात. स्विचबोर्डच्या भोवतीची वीतभर जागा, दाराची कड, जिन्याच्या वळणावरची भिंत, सोफ्यामागे डोकं टेकतं तो पट्टा. मॅट काळ्या रंगावर हाताचं तेल लागलं की तिथे चकाकी येते, आणि ती पुसून जात नाही. पुसाल तितकी वाढते. अशा जागी एकतर पांढरा धुता येणारा रंग घ्या किंवा काळा हवाच असेल तर सॅटिन, म्हणजे हलक्या चकाकीच्या फिनिशचा.

त्याच आठवड्यात ओलीची परीक्षा करून टाका. ज्या भिंतीला काळा लावायचा विचार आहे तिच्यावर दीड फूट लांब-रुंद प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावा आणि दोन दिवस तसाच ठेवा. आतून बाष्प जमलं तर भिंतीत ओल आहे. अशा भिंतीला लोणा लागतो, म्हणजे आतला क्षार वर येतो, आणि काळ्या रंगावर त्याचे पांढरे फुगारे जितके भयाण दिसतात तितके दुसऱ्या कुठल्याच रंगावर दिसत नाहीत. बाथरूमला लागून असलेली भिंत, गच्चीखालची भिंत आणि तळमजल्याचा खालचा तीन फुटांचा भाग हे तिन्ही संशयित. आधी ओल बंद करा, मग रंगाचं बोला.

किती काळं, किती पांढरं

अर्धं-अर्धं करू नका. दोन्ही रंग सारखेच झाले की डोळ्याला कुठे थांबायचं ते कळत नाही आणि खोलीत बसल्यावर उगीच अस्वस्थ वाटतं. साधारण सत्तर टक्के पांढरं, वीस टक्के काळं आणि दहा टक्के तिसरं काहीतरी, हे प्रमाण आपल्याकडच्या दहा-बारा फुटी खोल्यांना चालतं. तिसऱ्याबद्दल पुढे सांगते.

कारण सोपं आहे. कुठला रंग किती उजेड परत फेकतो त्याचा आकडा असतो; रंगाच्या कंपन्या तो शेडकार्डवर किंवा विचारल्यावर देतात. चांगला पांढरा शंभरातला ऐंशीहून जास्त उजेड परत देतो, काळा पाचाच्या आसपास किंवा त्याहून कमी. म्हणजे तुम्ही एक भिंत काळी केलीत की त्या भिंतीने खोलीला मिळणारा उजेड जवळपास गिळला असं समजा. ज्या खोलीला एकच खिडकी आहे तिथे खिडकीच्या समोरची भिंत काळी करू नका, तीच तर उजेड आत पसरवते. खिडकीची स्वतःची भिंत किंवा टीव्हीमागची भिंत काळी चालते. टीव्हीमागे तर फायदाच: पडद्याभोवती चकाकी कमी होते आणि वायरी दडतात.

घरात आधीच राहत असाल तर क्रम असा ठेवा: आधी कापड, मग दिवे, मग भिंत, मग फर्निचर, आणि फरशी-ओटा सगळ्यात शेवटी. दोन काळे अभ्रे आणि एक काळा-पांढरा पडदा महिनाभर वापरून बघितल्यावर निम्म्या लोकांचा काळ्या भिंतीचा हट्ट आपोआप मऊ होतो. नवं बांधकाम असेल तर मात्र फरशी पहिली ठरवावी लागते, तिथे इलाज नाही.

पांढरा एक नसतो

दुकानात ‘पांढरा द्या’ म्हटलंत की समोर डझनभर पांढरे येतात. काहींत पिवळट झाक, काहींत निळसर, काहींत राखाडी. शेडकार्डच्या बोटभर चौकोनावरून त्यातला फरक कळत नाही. नमुन्याची लहान डबी घ्या, दोन फुटी ड्रॉइंग शीटवर दोन हात मारा आणि ती शीट प्रत्येक भिंतीवर हलवत हलवत सकाळी, दुपारी चारला आणि रात्री दिवे लावून बघा. शीटला बाजूने पांढऱ्या कागदाची कड सोडू नका, नाहीतर डोळा तिच्याशीच तुलना करत बसतो.

काळ्याशेजारी निळसर पांढरा अधिक थंड दिसतो. पश्चिमेच्या खोलीत दुपारनंतर पिवळं ऊन येतं, तिथे तो निभतो. उत्तरेच्या खोलीत तोच दवाखान्यासारखा वाटतो. तिथे किंचित पिवळट झाकेचा पांढरा घ्या. छत आणि भिंत दोन्हींना एकच पांढरा घेतलात तर हिशोबही सोपा आणि छत उंचही वाटतं. दरवाजे-खिडक्यांचा ऑइलपेंट पांढरा करत असाल तर लक्षात ठेवा की तो काही वर्षांत पिवळा पडतो, विशेषतः जिथे ऊन पोचत नाही अशा दारांवर. पाण्यात मिसळणारा इनॅमल पेंट घ्या. तो थोडा महाग असतो, पण पांढरा राहतो.

काळ्यातही ठार काळा आणि कोळशाचा काळा असे दोन गट धरा. भिंतीला कोळशाचा बरा. ठार काळा लोखंडाला, खिडकीच्या चौकटीला, दिव्याच्या शेडला.

काळी भिंत: हातामागून हात

आपल्याकडचे रंगारी पुट्टीला लांबी म्हणतात. काळ्या भिंतीचं सगळं यश या लांबीत असतं. पांढऱ्या भिंतीवर लांबीची लाट दिसत नाही. काळ्या सॅटिनवर बाजूने उजेड पडला की प्रत्येक पट्टीची खूण वाचता येते.

नवं प्लास्टर असेल तर ते किमान चार आठवडे सुकू द्या. मग भेगा. काळ्या मातीवर उभी असलेली घरं दरवर्षी थोडी हलतात, कारण ती माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरक्या जाणाऱ्या केसाएवढ्या भेगा त्यातूनच येतात. काळ्या रंगात अशी भेग पडली की आतली पांढरी लांबी उघडी पडते आणि काळ्यावर पांढरी रेघ उमटते. म्हणून भेग नुसती बुजवायची नाही. पात्याने तिला इंग्रजी ‘व्ही’च्या आकारात उघडायची, धूळ ब्रशने काढायची, लवचीक ॲक्रिलिक भराव भरायचा, वरून जाळीची पट्टी चिकटवायची आणि मग लांबी. आणि भेग दरवर्षी रुंद होत असेल, किंवा तिच्यात नाणं जात असेल, तर ते रंगाऱ्याचं काम नाही, इंजिनिअरला दाखवा.

लांबीचे दोन पातळ हात, प्रत्येक हात सुकल्यावर घासकाम. शेवटच्या घासकामाला बारीक पेपर घ्या आणि रात्री भिंतीला टेकवून बॅटरी लावा. उजेड भिंतीला घासत गेला पाहिजे. जिथे सावली पडते तिथे पेन्सिलने खूण करा आणि दुसऱ्या दिवशी रंगाऱ्याला दाखवा. तो कुरकुरेल. कुरकुरू द्या.

प्रायमर पांढरा नको, राखाडी हवा. पांढऱ्या प्रायमरवर काळा लावला की रोलर उचलला गेलेल्या जागी ठिपके राहतात आणि एक हात उगीच वाढतो. दुकानदार प्रायमरमध्ये थोडा काळा स्टेनर मिसळून देतात, तेवढं पुरतं.

आता हिशोब. बारा फूट लांब आणि दहा फूट उंच भिंत म्हणजे १२० चौरस फूट. चांगला इमल्शन दोन हातांत लिटरला साधारण ६० चौरस फूट जातो, म्हणजे दोन लिटर. गडद रंगाला तिसरा हात धरा, म्हणजे तीन लिटर, आणि वर अर्धा लिटर पुढच्या डागडुजीला. हा सगळा रंग एकाच वेळी, एकाच मशिनवर मिसळून घ्या. नंतर आणलेल्या लिटरात झाक बदलली तर भिंतीवर जोड दिसतो. दोन हातांमध्ये किमान चार तास. पावसाळी हवेत त्याहून जास्त. भिंत एका दमात पूर्ण करायची, जेवायला मध्ये थांबायचं नाही, नाहीतर ओला रंग सुक्यावर चढून पट्टे उठतात. पांढरं आणि काळं जिथे भेटतं ती रेघ चिकटपट्टीने आखा. युक्ती अशी की पट्टी लावल्यावर तिच्या कडेवरून आधी पांढरा रंगच फिरवा, म्हणजे फटी त्यानेच बुजतात, मग काळा. पट्टी काळा पूर्ण सुकायच्या आत, तिरकी ओढून काढा.

बाहेरच्या भिंतीबद्दल एकच सांगणं. दर्शनी भिंत पूर्ण काळी करायची सध्या हौस आहे. सांगलीचा एप्रिल-मे आठवा आणि पश्चिमेची भिंत तरी सोडा. काळी भिंत ऊन पिते, रात्री ते आत सोडते, वर रंगही लवकर उडतो. काळं ग्रिलला, गेटला, खिडकीच्या चौकटीला द्या. गच्ची पांढरीच ठेवा.

चौकडीची फरशी

काळ्या-पांढऱ्या चौकडीची फरशी सगळ्यांना हवी असते आणि सगळ्यात जास्त तीच बिघडते. रंगामुळे नाही, मापामुळे.

समजा खोली बारा बाय दहा फूट आहे आणि टाइल ‘दोन बाय दोन’ची. मनातल्या मनात आपण सहा गुणिले पाच, तीस टाइल्स असं म्हणतो. पण दोन फुटी म्हणून विकली जाणारी टाइल ६०० मिलिमीटरची असते आणि दोन फूट म्हणजे ६१० मिलिमीटर. बारा फूट म्हणजे ३६५८ मिलिमीटर. दोन मिलिमीटरचे सांधे धरून सहा टाइल्स ३६१० मिलिमीटर जागा घेतात आणि एका टोकाला ४८ मिलिमीटरची, जेमतेम दोन बोटांची पट्टी उरते. साध्या फरशीत ती कपाटाखाली लपते. चौकडीत ती ओरडून सांगते की माप चुकलं.

उपाय: खोलीच्या मध्यावर दोरी मारा आणि त्या रेषेवर सांधा न ठेवता टाइलचा मध्य ठेवा. मग लांबीत पाच अख्ख्या टाइल्स आणि दोन्ही टोकांना साधारण ३२३ मिलिमीटरचे सारखे तुकडे येतात. खोलीची रुंदी दहा फूट, म्हणजे ३०४८ मिलिमीटर. तिथे उलट सांधाच मध्यावर ठेवा. चार अख्ख्या टाइल्स आणि कडेला ३१९ मिलिमीटरचे तुकडे येतात. चारही बाजूंना चौकोन जवळपास सारखा कापला गेला की डोळ्याला ते कापलेलं वाटतच नाही. मात्र आता सात गुणिले सहा, म्हणजे ४२ टाइल्स लागतात, २१ काळ्या आणि २१ पांढऱ्या, कारण अर्ध्याहून मोठा तुकडा कापल्यावर उरलेला दुसरीकडे बसत नाही. खोक्यात चार टाइल्स असतील तर दोन्ही रंगांची सहा-सहा खोकी घ्या. खोलीचे कोपरे काटकोनात आहेत का हे कर्ण मोजून आधी बघा, बहुतेक नसतात. तिरकी चौकडी करायची असेल तर नुकसान आणखी वाढतं, पंधरा टक्के जादा धरा.

दोन्ही रंग एकाच कंपनीचे आणि एकाच मालिकेतले घ्या. वेगवेगळ्या ठिकाणच्या टाइल्सच्या जाडीत आणि मापात एखाद्या मिलिमीटरचा फरक असतो आणि मग सांधा सरळ येत नाही. सांध्याचा रंग मधला राखाडी. पांढरा सांधा वर्षभरात मळतो, काळ्यावर क्षार दिसतो.

पॉलिश केलेली काळी टाइल जमिनीला नकोच. आपल्या धुळीत वाळूचे कण असतात, ते टाइलच्या चकाकीपेक्षा कठीण असतात; खुर्ची सरकली की ओरखडा उठतो. मॅट किंवा हलक्या खरखरीचा काळा घ्या. शुद्ध काळ्या-पांढऱ्याऐवजी कोळशी आणि दुधट असा जोड घेतलात तर धूळ आणि चिखल दोन्ही थोडे माफ होतात.

फरशी बदलायची नसेल तर जुनी मोझॅकची फरशी बघा. पांढऱ्या सिमेंटात काळ्या-पांढऱ्या संगमरवराच्या खड्या घातलेली ही फरशी जुन्या घरांत अजून आहे, आणि लोक ती काढून वर टाइल्स लावतात याचं मला मनापासून वाईट वाटतं. घासून पॉलिश करून घ्या. काळं-पांढरं तिच्यात आधीच आहे, शिवाय ती डाग लपवते.

घरात वयस्कर माणसं असतील तर दोन गोष्टी पाळा. नजर कमी झालेल्या आजींना पांढऱ्या फरशीवरचं काळं पायपुसणं खड्ड्यासारखं दिसू शकतं, विशेषतः विसराळूपणाचा आजार असेल तर. उलट जिन्याच्या काळ्या ग्रॅनाइटच्या पायऱ्यांना कडेवर दोन इंचांची पांढरी खरखरीत पट्टी दिलीत तर पायरी कुठे संपते ते स्पष्ट कळतं. आणि बारीक काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा वॉलपेपर झोपायच्या खोलीत लावू नका. अर्धशिशी असणाऱ्यांना तो त्रास देतो.

ओटा आणि हळद

इथे माझं मत ठाम आहे: ओटा काळा, ओट्यावरची कपाटं पांढरी, उलटं नाही.

पांढरा क्वार्ट्झ किंवा तत्सम कृत्रिम दगड दिसायला सुंदर. पण त्यात रेझिन असतं. गरम कढई थेट टेकवली की डाग राहतो किंवा तडा जातो. संगमरवर कॅल्शियम कार्बोनेटचा. लिंबू, चिंच, कोकम, टोमॅटो, काहीही सांडलं की चकाकी जाते. काळ्या ग्रॅनाइटला या कशाचं फारसं वाटत नाही.

पण दुकानात ‘काळा दगड’ म्हणून तीन वेगळ्या गोष्टी मिळतात. कडप्पा हा चुनखडीचाच दगड आहे, आंध्रातल्या कडप्पा भागाचं नाव घेऊन आलेला; स्वस्त, मजबूत, फडताळाच्या फळ्यांना उत्तम, पण लिंबाने फिका पडतो. दुसरा अस्सल काळा ग्रॅनाइट. आंध्रातल्याच ओंगोलजवळचा सोनेरी ठिपक्यांचा काळा ग्रॅनाइट त्यातला सगळ्यात ओळखीचा. तिसरा प्रकार म्हणजे राखाडी ग्रॅनाइटला काळा रंग पाजून केलेला. तपासायला दोन गोष्टी बरोबर न्या. लिंबाची फोड तुकड्यावर दहा मिनिटं ठेवा. चकाकी गेली तर कडप्पा. आणि नेलपॉलिश काढायच्या द्रावणात बुडवलेला पांढरा कापूस घासा; कापूस काळा झाला तर रंग पाजलेला. दुकानदाराला आवडणार नाही, पण तुकड्यावर करायला तो नाही म्हणू शकत नाही.

शेगडीमागची भिंत पांढऱ्या चकचकीत टाइलची चालते, कारण तिला छिद्रं नसतात. हळद बसते ती सांध्यात. म्हणून तिथे पांढरं सिमेंट भरू देऊ नका. राखाडी इपॉक्सी ग्राउट घ्या आणि सांधा दोन मिलिमीटरवर ठेवा. हळदीचा डाग पडलाच तर लगेच कपडे धुण्याच्या साबणाने घासू नका. अल्कली लागली की हळद लाल होते. हळदीला चुना लावून कुंकू करत त्याच्यामागे हेच आहे. आधी कोरड्या कागदाने टिपा, मग भांड्यांचं सौम्य लिक्विड, आणि उरलेला पिवळेपणा उन्हाला सोडा. हळदीचा रंग उन्हात उडतो. दारं निघणारी पांढरी कपाटं असतील तर दार काढून सकाळभर उन्हात ठेवलं तरी फरक दिसतो.

काळ्या ओट्याचा एक तोटा मान्य करायला हवा. त्यावर घाण दिसत नाही, आणि मुंग्यांना ती दिसते. रात्री ओटा पुसल्यावर तळहात फिरवून बघा. वरच्या कपाटाखाली दिव्याची पट्टी घेतलीत तर हे काम डोळ्यांनीही होतं.

बाथरूम

काळे नळ, काळी शॉवर, काळी काच-चौकट, आणि पाणी बोअरचं. हा जोड जमत नाही. पाण्याचा प्रत्येक थेंब वाळून पांढरा ठिपका सोडतो. काळा नळ हवाच असेल तर पीव्हीडी प्रक्रियेचा, म्हणजे वाफेतून पक्का थर चढवलेला घ्या, नुसता रंग मारलेला वर्षभरात सोलतो; आणि त्यावर लिंबूसत किंवा फरशी धुण्याचं ॲसिड कधीही लावू नका. वापर झाला की सुक्या फडक्याने पुसणं हाच उपाय आहे, आणि घरातले सगळे तो रोज करणार आहेत का हे स्वतःला विचारा.

त्यापेक्षा भिंती पांढऱ्या, जमीन कोळशी मॅट आणि नळ स्टीलचेच. काळं आरशाच्या चौकटीत, टॉवेलच्या दांडीत, दाराच्या कडीत आणा. तिथे पाणी कमी पोचतं. अंघोळीनंतर वायपर मारायची सवय मुलांना लावा.

पुराच्या पट्ट्यातलं घर

गावभाग, सांगलीवाडी किंवा नदीकाठच्या गावांत तळमजल्याला राहत असाल तर हा भाग आधी वाचा. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी ४५ फूट ही धोक्याची पातळी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या पुढे गेलं होतं. अशा घरात पांढऱ्या भिंतीवर पाण्याची रेघ राहते, आणि ओली भिंत रंगवली की ती रेघ पुन्हा वर येते.

भिंतीला खालून चार फूट काळ्या किंवा कोळशी टाइल्सचा किंवा कडप्प्याचा पट्टा द्या, वर पांढरा रंग. पाषाणाच्या जोत्याचीच ही घरातली आवृत्ती, आणि दिसतेही देखणी. ओट्याखाली एमडीएफची, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळ्यांची कपाटं करू नका. पाण्यात फुगून ती टाकूनच द्यावी लागतात. कडप्प्याचे उभे कप्पे आणि वरून ॲल्युमिनियमची किंवा पीव्हीसीची पांढरी दारं, जी स्क्रू काढून माडीवर नेता येतील. पूर येऊन गेलाच तर चिखल ओला असतानाच धुवून काढा, मग भिंती सुकायला महिने लागू शकतात; प्लास्टिकची परीक्षा तिथेही करा आणि ती पास होईपर्यंत रंगाऱ्याला बोलावू नका.

दिवे

दहा बाय बाराच्या पांढऱ्या हॉलला साधारण तीन हजार ल्यूमेन (हे उजेडाचं माप) पुरतात, म्हणजे चांगले तीस-पस्तीस वॅटचे एलईडी. एक भिंत काळी केलीत तर निम्मं आणखी वाढवा, पण छतातून नको. कोपऱ्यातला उभा दिवा किंवा काळ्या भिंतीवर वरून उजेड सोडणारा भिंतदिवा घ्या. खोक्यावर केल्विनचा, म्हणजे उजेडाच्या झाकेचा आकडा बघा. ४००० काळ्या-पांढऱ्याला सगळ्यात प्रामाणिक. ६५०० मध्ये पांढरं निळं पडतं, ३००० मध्ये पिवळं. एका खोलीत दोन आकडे मिसळू नका. हॉलला ४००० आणि झोपायच्या खोलीला ३००० असं चालतं.

तिसरं काहीतरी

नुसत्या काळ्या-पांढऱ्यात राहायला कंटाळा येतो. दहा टक्के जागा उबेला ठेवा. आपल्याकडे ते विकत आणायची गरज फारशी पडत नाही: सागवानी पाट, पितळेची समई, तांब्याचा हंडा, खिडकीतली तुळस. माळ्यावरचं पितळ खाली आणा, चिंचेने घासा आणि काळ्या भिंतीपुढे ठेवा.

कापडात माझी पहिली शिफारस घोंगडीची. आटपाडी-जत भागात मेंढपाळांची घरं आहेत. दख्खनी मेंढीच्या काळ्या आणि पांढऱ्या लोकरीची, न रंगवलेली घोंगडी बाजारात मिळते. दिवाणावर घाला, भिंतीवर टांगा, जमिनीवर अंथरा. तिचा काळा थोडा तपकिरी असतो, आणि म्हणूनच तो घरात रुळतो. उन्हात नीट वाळवून, कडुलिंबाचा पाला घालून ठेवा, कसर लागत नाही.

आता घरातल्या मोठ्यांचं. ‘काळं अशुभ’ हे वाक्य येणारच. वाद घालू नका. संक्रांतीला काळी चंद्रकला नेसतो, मंगळसूत्रात काळे मणी असतात, बाळाला तीट लावतो, विठोबा सावळा आणि आपल्या गणपतीचं देऊळ काळ्या दगडाचं. एवढं आठवण करून दिलं तरी पुरतं. तरीही सासूबाईंना देवघर पांढरं हवं असेल तर पांढरंच करा. समईची काजळी वर जाते, तेवढा छताचा चौकोन मात्र दरवर्षी रंगवावा लागेल.

काम कधी आणि कोणत्या क्रमाने

पाऊस सरल्यावर ते दिवाळीच्या आधीचे दिवस हवेला चांगले, पण रंगारी मिळत नाहीत. डिसेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात सोयीचा काळ. क्रम: ओल आणि भेगा, मग वायरिंग, फरशी, ओटा, लांबी, छताचा रंग, पांढऱ्या भिंती, सुतारकाम बसवणं, आणि काळी भिंत सगळ्यात शेवटी, कारण घासकामाची पांढरी धूळ तिच्यावर बसली की मॅट रंगातून ती निघत नाही. फरशीवर आधीच जाड पुठ्ठे अंथरून घ्या. फक्त प्लास्टिक घातलंत तर शिडीचे पाय ते फाडतात.

शेवटच्या दिवशी रंगारी आवराआवर करत असताना त्याच्याकडून प्रत्येक डब्याच्या झाकणावरचा शेड क्रमांक आणि बॅच क्रमांक लिहून घ्या, आणि तो कागद मीटरच्या पेटीच्या दाराला आतून चिकटवा. उरलेला काळा रंग काचेच्या बरणीत काठोकाठ भरून झाकण घट्ट लावा, डब्यात अर्धा ठेवला तर वर साय धरते. दोन्ही रंगांच्या चार-चार टाइल्स दिवाणाखाली राहू द्या. दोन वर्षांनी तीच मालिका दुकानात मिळेलच असं नाही.